चोरवडचा नाका आणि न्हावाशेवाचं बंदर

परदेशी कापसावर आयात शुल्क हवंच, आणि आहे त्याहून जास्त हवं, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. रावेरच्या तहसील कचेरीत दिलेल्या निवेदनांवर सह्या केल्या, पारावर तावातावाने बोललो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या जिनवाल्याशी हुज्जत घातली. ती मागणी आता माझ्या तोंडून निघत नाही. बरोबरीच्या माणसांना हे रुचलेलं नाही. ‘तुमीबी व्यापाऱ्यायच्या बाजूनं बोलू राह्यले भाऊ,’ असं एकाने तोंडावर सुनावलं. त्याला दोष देत नाही, बाहेरून तसंच दिसत असणार. म्हणून काय काय घडत गेलं ते सांगून टाकतो.

आमच्या घरात स्वदेशी आली ती फैजपूरहून. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथे झालं, पंडित नेहरू अध्यक्ष होते. आजोबा बैलगाडीने गेले. भाषणांतलं त्यांना फारसं आठवत नव्हतं, पण गांधीजींनी उघडलेलं खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन शेवटपर्यंत आठवत होतं. त्यांच्याकडूनच मी ऐकलं की इंग्रजाने १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली, आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना तोशीस नको म्हणून इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढीच अबकारी लावली. ती अबकारी जायला १९२६ उजाडलं. अमळनेरची प्रताप मिल १९०६ सालची, म्हणजे तिच्या तरुणपणाची सगळी वर्षं हा भुर्दंड तिच्या मानेवर होता. अशा गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला आपल्या देशाने आपल्या बंदरावर लावलेली जकात ही स्वराज्याचीच खूण वाटणार. मला वाटायची. त्या काळापुरती ती होतीही, यावर आजही माझं दुमत नाही.

त्यामुळे फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर शुल्क आलं तेव्हा मी खूश झालो. पाच टक्के मूळ शुल्क, पाच टक्के कृषी अधिभार, त्यावर समाजकल्याणाचा अधिभार, सगळं मिळून अकरा टक्के. योगायोग असा की पुढच्याच हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांची पायरी ओलांडली. मी गावभर सांगत सुटलो की बघा, शुल्काने काय केलं. न्यूयॉर्कचा वायदा त्या साली दहा-अकरा वर्षांतल्या सर्वांत वरच्या पातळीवर होता, शुल्क नसतं तरी भाव चढलाच असता. पण आपल्याला हवं ते कारण डोळ्यांसमोर असलं की दुसरं कोण शोधतो? १४ एप्रिल २०२२ ला सरकारने ते शुल्क काही महिन्यांपुरतं उठवलं, तेव्हा बहुतेकांच्या घरात कापूस उरलाही नव्हता. तरी मी चिडलो. तत्त्वाचा प्रश्न होता.

पहिली टोचणी लागली ती शेतात नाही, जळगावच्या सराफ बाजारात. २३ जुलै २०२४ ला सोन्यावरचं शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि तोळ्यामागे भाव काही हजारांनी उतरला. पुतणीचं लग्न ठरलेलं, त्यामुळे घरातल्या बायका हरखल्या. पेढीवर बसल्या बसल्या आमच्या सौभाग्यवतीने विचारलं, ‘मग हे जास्तीचे पैसे इतके दिवस कोणाकडे जात होते?’ म्हटलं, सरकारकडे. ‘आणि देत कोण होतं?’ पेढीवरचा माणूस हसला. मी स्वतःची समजूत घातली की सोनं आपल्याकडे पिकत नाही, तिथे शुल्क म्हणजे नुसता कर. कापूस आपण पिकवतो, त्याची गोष्ट वेगळी. ही समजूत पुढे वर्षभर टिकली.

मग २०२५ चा ऑगस्ट आला. ७ तारखेला दिल्लीत, कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत, शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड करणार नाही असं पंतप्रधान म्हणाले. १९ तारखेपासून कापसावरचं अकरा टक्के शुल्क उठलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर डिसेंबरअखेरपर्यंत. २७ तारखेला अमेरिकेने भारताच्या मालावरचं शुल्क पन्नास टक्क्यांवर नेलं. आमच्याकडे मेमध्ये ठिबकवर लावलेली बागायती कपाशी तेव्हा बोंडांनी लदलेली असते. पारावर ट्रम्प आणि दिल्ली दोघांनाही एकाच दमात शिव्या चालल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, ट्रम्पने लावलं तर लावू दे, शेवटी अमेरिकेच्या गिऱ्हाइकालाच महाग पडेल. तिथे शेजाऱ्याचा मुलगा उभा होता, पुण्यात शिकतो. तो म्हणाला, ‘काका, मग आपल्या शुल्काचे पैसे कोण भरतं? ब्राझीलचा शेतकरी?’

सगळे हसले. मीही हसलो, पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. त्याच मुलाने नंतर मला अमेरिकेतल्या वॉशिंग मशीनचा किस्सा सांगितला. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी परदेशी वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. तिथल्या अर्थतज्ज्ञांनी पुढे हिशेब केला तर मशीन बारा टक्क्यांच्या आसपास महागलेली निघाली, आणि गंमत म्हणजे कपडे वाळवायचं यंत्रही तेवढंच महागलं, ज्यावर शुल्कच नव्हतं. दोन्ही जोडीने विकली जातात, त्यामुळे देशी कंपन्यांनीही हात धुऊन घेतले. नवे रोजगार आले अठराशेच्या घरात, आणि गिऱ्हाइकांच्या खिशातून एकेका रोजगारामागे आठ लाख डॉलरच्या वर रक्कम गेली. एवढ्या पैशात त्या माणसाला घरी बसवून जन्मभर पोसता आलं असतं, हे माझं गणित, त्यांचं नाही.

आता आपल्या कापसाचं गणित. हे मी एका जिनमध्ये, वजनकाट्याजवळच्या खोलीत, मुनीमजींच्या समोर बसून केलं. एक क्विंटल कापूस रेचला की चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकीची जवळजवळ सगळी सरकी, थोडी घट. रुईचा सौदा खंडीवर होतो, खंडी म्हणजे ३५६ किलो. बाहेरची रुई बंदरावर ५४ हजार रुपये खंडीने पडते असं धरा. त्यावर अकरा टक्के म्हणजे ५,९४० रुपये. किलोला पावणेसतरा रुपये. चौतीस किलोला साडेपाचशेच्या थोडं वर. मुनीमजींनी पावतीच्या पाठीवर आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. म्हणाले, ‘शुल्क पूर्णच्या पूर्ण तुमच्यापर्यंत पोचलं तर इतकं. आता वेचणी काय देता ते सांगा.’ वेचणी किलोला दहा रुपयांच्या वर गेली आहे, म्हणजे क्विंटलला हजाराच्या पुढे.

साडेपाचशे रुपये काही कमी नाहीत. शुल्काने शेतकऱ्याला काहीच मिळत नाही असं म्हणणारे लोक कापूस विकत नसावेत. पण मुनीमजी पुढे जे बोलले ते मी आजवर लक्षात घेतलं नव्हतं. शुल्काचा असा आधार मिळतो तो देशात रुई कमी पडते तेव्हाच. दहा-बारा वर्षांपूर्वी आपण वर्षाला शंभर लाख गाठींहून जास्त रुई बाहेर पाठवली, तेव्हा इथला भाव जगाच्या भावाला बांधलेला होता. त्या काळात शुल्क अकरा असतं काय आणि चाळीस असतं काय, बाहेरून कोणी आणतच नव्हतं तर अडवणार कोणाला? २०२४-२५ मध्ये आयात चाळीस लाख गाठींच्या वर गेली आणि निर्यात तिच्या निम्म्याहूनही खाली आली. शुल्क आता लागू पडतं याचा अर्थच असा की आपलं पीक हटलं आहे.

ते का हटलं, यावर मी अनेक वर्षं पुरेसं बोललो नाही, आणि ते मला सगळ्यांत जास्त खटकतं. आपल्याकडे हेक्टरी साडेचारशे किलोच्या आसपास रुई निघते. ब्राझीलमध्ये अठराशेच्या घरात. २००२ मध्ये बीटी बियाणं आलं, तेव्हा चार-पाच वर्षांत खानदेशाचं चित्र पालटलं. पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पचवून बसली. आज फुलात शिरलेली अळी बोंड फोडल्याशिवाय दिसत नाही, दिसते तेव्हा आत दोन कप्पे सडलेले असतात. नवं वाण कुठे आहे, संशोधनाला पैसा किती, चोरून येणाऱ्या तणनाशक-सहनशील बियाण्याचं काय करायचं, हे प्रश्न निवेदनात शेवटी यायचे, ‘तसेच’ या शब्दानंतर. पहिली मागणी कायम शुल्काची. सरकारलाही ते बरं. शुल्क लावायला एक अधिसूचना पुरते, अळीसाठी दहा वर्षं खपावं लागतं.

माझा भाचा सुरतेत असतो, उधन्याला. रावेर-यावलपासून शिरपूर-शिंदखेड्यापर्यंतची हजारो घरं तिकडे पोटापाण्याला गेली. तो आधी दुसऱ्यांच्या लूमवर होता, आता चार भागीदारांत मिळून स्वतःचे थोडे लूम चालवतो. दिवाळीला आला तेव्हा मी त्याला कापसाच्या शुल्काबद्दल मत विचारलं. त्याचं काम पॉलिस्टरच्या धाग्यावर, त्याला कापसाचं काय! पण तो धाग्यावरच घसरला. २०२३ च्या सुमारास पॉलिस्टर धाग्याला बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. नावाला गुणवत्ता, पण परदेशी कारखान्यांना ते प्रमाणपत्र मिळवणं इतकं कटकटीचं की बाहेरचा धागा आटला. शुल्क न लावता शुल्काचं काम झालं. देशात तो धागा बनवणारे मोठे कारखाने बोटांवर मोजण्याइतके, आणि भाव ते सांगतील तो. ‘मामा, धागा किलोला पाच रुपये वाढला तर माझी मजुरी जाते. साडी मात्र बाईला दहा रुपयेसुद्धा महाग देता येत नाही, शेजारी चीनचं कापड पडलेलं असतं.’ सुरतेच्या विणकरांनी ओरड केली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने ही सक्ती मागे घेतली. तोवर त्याच्या गल्लीतले काही लूम भंगारात गेले होते.

मी म्हटलं, तुझं दुखणं आणि माझं वेगळं. तो म्हणाला, ‘तुमचा कापूस गिरणीला महाग पडला की गिरणी काय करते? माझा धागा मिसळते.’

हे मात्र बोचलं, कारण खरं होतं. जगात आज जेवढे तंतू वापरले जातात त्यांतले निम्म्याहून जास्त पॉलिस्टरचे आहेत आणि कापूस पाचव्या हिश्श्याच्या आसपास उरला आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याने, कोइम्बतूरच्या सूतगिरणीने एकदा मिश्र धाग्याची घडी बसवली की भाव उतरला तरी तो कापसाकडे परत येईलच असं नाही. मी इतकी वर्षं टेक्सासच्या शेतकऱ्याकडे बोट दाखवत होतो, आणि माझं गिऱ्हाईक पेट्रोलियमच्या कारखान्याकडे सरकत होतं. शुल्काने कापूस महाग ठेवून मी त्याला थोडं ढकलतच होतो.

तरीही हे सगळं नुसतं डोक्याने पटलेलं होतं. मनाने पटलं ते चोरवड आठवल्यावर.

आमच्या रावेर तालुक्याची उत्तरेची हद्द म्हणजे मध्य प्रदेश. बऱ्हाणपूरच्या रस्त्यावर चोरवडला नाका आहे. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कायदा असा की राज्यातल्या शेतकऱ्याने आपला कापूस सरकारच्या योजनेतच घालायचा, राज्याबाहेर नेला तर गुन्हा. नव्या पिढीला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. बऱ्हाणपूर आमच्या शिवारापासून एका रात्रीच्या गाडीवाटेवर, केळीचा भाव आम्ही त्यांचा बघून ठरवतो, सोयरिकी तिकडे, आणि कापूस न्यायचा तर चोर. ज्या वर्षी तिकडे भाव जास्त असे त्या वर्षी गाड्या निघायच्या. वडील बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवत, आखाला वंगण जरा जास्तच घालत म्हणजे करकर नको, कापसावर कडबा रचत. नाक्याची वाट टाळून नाल्याच्या कडेने पलीकडे. मी पोरसवदा होतो, गाडीत कडब्यावर बसवलेला, खोकला आला तर तोंडात उपरणं कोंबायचं अशी ताकीद. पहाटे बऱ्हाणपूर, सकाळी रोख पैसे. परत येताना वडील शीळ घालत.

या आठवणीत मी नेहमी सरकारला खलनायक करून गोष्ट तिथेच संपवायचो. पुढचा भाग सांगायचो नाही. एक तर ज्या वर्षी योजनेचा भाव चढा असे त्या वर्षी त्याच नाल्याने उलट्या दिशेने गाड्या येत. मध्य प्रदेशचा कापूस महाराष्ट्राच्या केंद्रावर चढायचा आणि राज्याच्या तिजोरीला भोक पडायचं. दुसरं अधिक नाजूक आहे. गाडी-बैल सगळ्यांकडे नव्हते. हद्द पार करायची हिंमत आणि पलीकडची ओळखही सगळ्यांकडे नव्हती. ते शेजारी आपला कापूस आम्हाला, म्हणजे माझ्या वडिलांना, इथल्या भावापेक्षा थोडा जास्त घेऊन देत. पलीकडचा फरक आमच्या घरात राहायचा. आमच्या पुढच्या दोन खोल्या त्या फरकातून उभ्या आहेत. भिंत घातली की तिचा फायदा भिंतीच्या आतल्या सगळ्यांना मिळत नाही, ज्याला ती ओलांडता येते त्याला मिळतो. हे मला कुठल्याही पुस्तकाआधी माहीत असायला हवं होतं, मी त्या गाडीवर बसलेला होतो.

न्हावाशेवाची भिंत तरी वेगळी कुठे आहे? मोठ्या निर्यातदार गिरणीला आगाऊ परवान्यावर शुल्क न भरता कापूस आणता येतो, अट एवढीच की त्याचा माल बाहेर विकायचा. ऑस्ट्रेलियाशी डिसेंबर २०२२ पासून करार आहे, त्यात वर्षाला ५१ हजार टन कापूस शुल्काशिवाय येतो. अकरा टक्के भरायची वेळ येते ती देशी बाजारासाठी सूत काढणाऱ्या लहान गिरणीवर, जिला ना परवान्याचे कागद जमतात ना ऑस्ट्रेलियातली ओळख. कापूस इथून घेणारी गिरणी बहुधा हीच.

एकाधिकार योजना नव्वदच्या दशकात खिळखिळी झाली आणि २००२ च्या आसपास संपली. शेतकरी संघटनेचे शरद जोशी तिच्याविरुद्ध बोलत, आणि जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूने बोलत, तेव्हा मी अर्ध्या भाषणाला टाळ्या वाजवल्या. राज्याची बंदी उठवा म्हणाले, टाळ्या. देशाची दारंही उघडा म्हणाले, हात खाली. त्यांचं म्हणणं एकच होतं, हे मी मान्य करायला तीस वर्षं घेतली. त्यांच्या सगळ्याच मतांशी माझं आजही जमत नाही, तो वेगळा विषय.

शेतकरी म्हणून माझी खरी भीती आता दुसरीच आहे. शुल्क ही दिल्लीच्या हातातली नळाची चावी आहे, आणि ती दोन्हीकडे फिरते. ५ मार्च २०१२ ला कापसाची निर्यात एका आदेशाने बंद केली, कृषिमंत्री शरद पवार यांनाच त्याविरुद्ध उभं राहावं लागलं. कांद्यावर १९ ऑगस्ट २०२३ ला चाळीस टक्के निर्यात शुल्क आलं, डिसेंबरात निर्यातबंदीच, मग पुन्हा चाळीस, मग वीस, आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य. (कांद्याचं शुल्क लागलं ती तारीख आणि कापसाचं उठलं ती तारीख एकच, १९ ऑगस्ट. पंचांगवाल्यांनी बघावं.) पिवळ्या वाटाण्याचं तर विचारूच नका. आधी पन्नास टक्के, डिसेंबर २०२३ पासून शून्य, १ नोव्हेंबर २०२५ पासून तीस. तो वाटाणा हरभऱ्याच्या आणि तुरीच्या डाळीची जागा घेतो. जळगावच्या डाळ मिलवाल्याने कॅनडाचा सौदा करायचा की जामनेरच्या शेतकऱ्याचा हरभरा भरून ठेवायचा? दोघांनाही पुढच्या महिन्यात चावी कुठे फिरेल ते माहीत नाही. मग मिलवाला हातचं राखून खरेदी करतो, आणि ते राखलेलं शेतकऱ्याच्या भावातून कापलं जातं. ज्या अधिकाराने माझ्या कापसाला आधार द्यावा असं मी म्हणत होतो, त्याच अधिकाराने लासलगावच्या कांदेवाल्याचं नरडं दाबलं. एक हात हवा आणि दुसरा नको, असं मागता येत नाही.

आणि शेतकरी विकतो दोन-तीन जिनसा, विकत घेतो पन्नास. ठिबकच्या नळ्या, पीव्हीसी पाइप घ्या. देशाला लागतं त्याच्या निम्मंसुद्धा पीव्हीसी इथे बनत नाही, बाकीचं बाहेरून येतं, त्यातलं बरंच शुल्क भरून. पाइपच्या दुकानात मी ते शुल्क देतो आणि कापसाच्या काट्यावर ते वसूल झालं म्हणून आनंद मानतो.

केळीचं उदाहरण लोक मला देतात आणि ते अर्धंच खरं आहे. रावेरच्या केळीला ना हमीभाव, ना तिच्यासाठी कोणी शुल्काचं आंदोलन केलं. तरी ग्रँड नैनची टिश्यू कल्चर रोपं, ठिबक आणि फ्रूट केअर यांवर तिने प्रगती केली, २०१६ मध्ये जळगाव केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, आखातात कंटेनर जातात. पण केळी नाशवंत आहे, परदेशाहून आणून इथल्या केळीशी कोण झुंजणार? तिचं रक्षण अंतरच करतं. भाव कोसळला तर नव्या लागवडीची नवती काय नि खोडव्याची पिलबाग काय, घड बांधावर फेकायची पाळी येतेच. तिकडे युरोप आणि लॅटिन अमेरिका केळीच्या जकातीवरून वीस वर्षं भांडले, २०१२ मध्ये जिनिव्हात सह्या झाल्या. त्या भांडणात अमेरिकेने युरोपच्या हातपिशव्यांवरही शंभर टक्के शुल्क लावलं होतं. जगात सगळ्यांत जास्त केळी पिकवणाऱ्या देशाचं त्यात कोणी नावही घेतलं नाही.

एवढं सगळं लिहून झाल्यावरही एका ठिकाणी मी अडतो. अमेरिकेचा कापूस स्वस्त पडतो त्यात तिथल्या सरकारचा पैसा असतो. २०१८-१९ च्या व्यापारयुद्धात ट्रम्प यांनी आपल्या शेतकऱ्यांना २८ अब्ज डॉलर वाटायचं जाहीर केलं. तिथल्या कापसाच्या अनुदानाविरुद्ध ब्राझील २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला, जिंकला, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन भांडण मिटवलं. अमेरिकेने अनुदान बंद करण्याऐवजी ब्राझीलला पैसे देणं पसंत केलं. असा कापूस माझ्यासमोर उतरवायचा आणि मला म्हणायचं, खुल्या बाजारात पोहून दाखव, हे मला आजही मान्य नाही. अनुदान सिद्ध करा, तेवढ्यापुरतं भरपाई शुल्क लावा, नियमाने लावा, त्याला माझा हात वर आहे. सगळ्यांवर सरसकट अकरा आणि गिरणीवाल्यांचं शिष्टमंडळ आलं की शून्य, याला नाही.

२०२५-२६ च्या हंगामात कापसाचं जे घडलं ते दोन्ही बाजूंनी चमत्कारिक होतं. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, खेडा खरेदीचा भाव त्याच्या बराच खाली. एका दाराने परदेशी रुई शुल्काशिवाय आत येत होती, दुसऱ्या दाराशी सरकारच हमीभावाने कापूस घ्यायला उभं होतं, तोही ओलावा बारा टक्क्यांच्या आत असेल तर. फरक भरला तिजोरीने. तिजोरीनेच भरायचा असेल तर सरळ शेतकऱ्याच्या खात्यात भरा, म्हणजे किती दिले ते दिसेल आणि गिरणीला जगाच्या भावाने कापूस मिळेल, असं मी हल्ली म्हणतो.

यावर पारावरचा माझा जुना सोबती जे बोलतो त्याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. तो म्हणतो, ‘खात्यात? २०२३ च्या खरिपाचे कापूस-सोयाबीनचे हेक्टरी पाच हजार आठवतात का? तेबी दोनच हेक्टरपर्यंत. शुल्क निदान मागावं तं लागत नाही दरसाल.’ शुल्कालाही दरसाल दिल्लीची मर्जी लागतेच, हे मी त्याला दाखवून देतो. तो मान हलवतो, पण ती होकाराची नसते.

पुढच्या निवेदनाचा मसुदा लिहायचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं आहे, अक्षर बरं म्हणून. मी दोनच मागण्या वर घेतल्या. आयात-निर्यातीचं जे काही धोरण असेल ते मेअखेर, लागवडीआधी, जाहीर करा आणि हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नका. बोंडअळीला तोंड देणारं वाण कधी देणार त्याची तारीख सांगा. शुल्क वाढवण्याची मागणी मी लिहिली नाही. सोबत्याने ती तिसऱ्या क्रमांकावर आपल्या हाताने घातली आहे, आणि त्या कागदावर सही करायची की नाही यावर आमचं अजून ठरलेलं नाही.